वाहिलेला गहू

प्रसादानं कुणाचं वाईट होत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि त्याच भरवशावर गेल्या वर्षी माझ्या सात वर्षांच्या मुलीला, सईला, आजारी पाडलं. गहू, मैदा, रवा यांतलं ग्लुटेन तिच्या आतड्यांना सोसत नाही, कणभरही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. तरी गल्लीतल्या देवळाच्या पंगतीत मी तिच्यापुढं द्रोणभर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, ठेवली. "पप्पा, ह्यात गहू हाय," ती म्हणाली. मी म्हणालो, "प्रसाद हाय बाळा, काय होत नाही. आईला सांगू नको." उलट्या थांबेनात म्हणून दोन दिवस तिला सलाईनवर ठेवावं लागलं.

बायकोला वाटलं, आपल्याच हातून कुठंतरी पीठ लागलं. तिनं पोळपाट, परात, तवा, सगळं बदललं. भांडी घासता घासता ती रडायची. मी पाहत होतो आणि गप्प होतो. सईही गप्प राहिली. फक्त तेव्हापासून माझ्या हातून काही घ्यायचं झालं की ती हळूच म्हणायची, "आईला विचारते हं."

आठव्या वाढदिवसाला तिनं एकच मागितलं. आइस्क्रीम वाटीत नको, कोनात हवं, मैत्रिणी खातात तसं. मी लगेच म्हणालो, "मी आणतो." बायकोनं दूध आटवून आइस्क्रीम लावलं. बिनगव्हाचे कोन मी पुण्याहून मागवले होते. त्या दुपारी पार्सल उघडलं तर आत नुसता चुरा. सहाला मुली येणार होत्या. मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात मी गाडी काढली. एक दुकानदार म्हणाला, "साहेब, शुद्ध शाकाहारी हाय की! अजून काय पायजे?" पाचव्या दुकानात बरणीत सुटे कोन होते. "तांदळाचे असतील. न्या की, लेकराला काय कळतंय? काय होत नाही."

ते घेऊन मी निघालोही. पण सिद्धेश्वराच्या तळ्यापाशी गाडी आपोआप थांबली. 'काय होत नाही' हे माझेच शब्द होते. देवापुढं उभा राहिलो तर मागणं सुचेना. 'आता तूच बघ,' एवढंच म्हणालो आणि बाहेर येऊन ते कोन माशांना टाकले. पाच वाजायला आले होते.

बाहेर सावलीत एक बाई ज्वारीच्या कडक भाकऱ्या विकत बसल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी तांब्या पुढं केला. "दादा, बसा आदी. कुणाचं काय झालं?" घरात वर्षभर जे बोललो नव्हतो, ते मी त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माज्या घरात गव्हाचा कण बी शिरत न्हाय. पोरगा तापानं फणफणला तवा सिद्धरामाला गहू वाहिला, जन्माचा सोडला. बारा वर्सं झाली, माजी परात ज्वारीबिगर काय ओळखत न्हाय. चला."

घर मागच्याच बोळात होतं. नवरा यंत्रमागावर कामाला, म्हणून सूत गुंडाळायचा पुठ्ठ्याचा एक रिकामा कोन फळीवर पडला होता. त्याला धुतलेलं फडकं गुंडाळून त्यांनी पातळ भाकरी थापली, भाजली आणि गरम असतानाच त्यावर वळवली. पहिली तडकली. दुसरीही. माझी नजर घड्याळावर. तिसरी उभी चिरली. "दम धरा की दादा, तुमच्या घाईनं ज्वारी वळती व्हय?" चौथी वळली. चुलीशी उभी राहून ती कडक झाली. "एकच निघाला," मी म्हणालो. "एकाच लेकराला पायजे की. आन् दादा, मला सांगून काय उपेग? घरी सांगा."

घरी पोचलो तेव्हा मुली जमल्या होत्या. बायकोला स्वयंपाकघरात बोलावून मी सगळं सांगितलं. तिनं कोरड्या आवाजात विचारलं, "परात कुठली? तवा? पीठ कुठं दळतात?" मी तेवढी खात्री करून आलो होतो, बाई ज्वारी घरच्या जात्यावर दळायच्या. तिनं स्वतः कोन भरून माझ्या हातात दिला.

सईनं तो पाहिला आणि सवयीनं आईकडं वळली. आई म्हणाली, "घे. पप्पांनी सांगितलं मला. हुग्गीचं पण." त्या पोरीनं एवढा मोठा श्वास सोडला की मला खाली बघावं लागलं. माझं खोटं वर्षभर तिनं उचललं होतं.

तिनं कोन घेतला. कुर्रकन चावा घेतला आणि टोकातून दूध गळू लागलं. "पप्पा, खाली हात धरा ना!"

मी हात धरला. तळव्यावर पडलेलं ते दूध मी तीर्थासारखं प्यालो.

बायको पुढं आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. तो तिचा हक्क होता. त्या बाई मला कुणी भेटवल्या, यावर मी वाद घालत नाही. देवावर भार टाकला असं मी जन्मभर म्हणत होतो, पण टाकायचं ते तर मुठीत घट्ट धरलं होतं. त्या माउलीनं गहू वाहिला होता. मला खोटं वाहायला वर्ष लागलं, एवढंच.