मुदतवाढ

‘तुला एचडीबीच बरं गं. सरकारी घरात राहायची सवय असते तुमच्या लोकांना.’

वहिनी हे हसत म्हणाल्या. हातात चकल्यांची बशी. सिंगापुरातल्या बिशानचा त्यांचा हॉल, दिवाळीचा फराळ, सोफ्यावर चार-पाच मराठी जोडपी. कुणी चकली मोडली, कुणी चहात बघितलं. ‘तुमच्या लोकांना’ म्हणजे कुणाला, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

माझं घर गेलं त्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता.

वहिनींचे यजमान माझ्याच बँकेत, वरच्या हुद्द्यावर. मी त्यांना दादा म्हणायची. सिंगापुरात एकटी आले तेव्हा याच दोघांनी मला गादी दिली, भांडी दिली. बुओना व्हिस्टाला नवा कॉन्डो, खासगी इमारत, बांधून होत आला होता. वहिनीच म्हणाल्या, ‘आमच्या शेजारचा फ्लॅट घे. आईला आणशील. आम्ही आहोत ना.’ बुकिंग एकत्र केलं. वकीलही एकच, दादांच्या ओळखीचा. करार हातात आल्यापासून तीन आठवड्यांत सही करून परत द्यायचा. नाहीतर बुकिंग रद्द.

माझं कर्ज मंजूर व्हायला उशीर होत होता. दादा म्हणाले, ‘बिल्डरकडून मुदत वाढवून घेतो. वकिलाशी मी बोलतोय. तू फोन करत बसू नकोस.’

मी नाही केला.

त्याच दिवसांत नागपूरहून आई आली. दादा-वहिनींना हौगांगला माझ्या भाड्याच्या घरी जेवायला बोलावलं. आईने येताना फोटो आणला होता. निळ्या कोटातला. हॉलमध्ये लावला होता. आडनावावरून वहिनींना माझी जात कळली नव्हती. त्या दिवशी कळली. ‘पोट ठीक नाही माझं,’ म्हणाल्या. ताटाला हात लावला नाही. दादांनी दोन घास खाल्ले.

आई भांडी घासताना म्हणाली, ‘बाई जेवली नाही वं.’

‘पोट बिघडलंय त्यांचं,’ मी म्हटलं. आणि मला ते खरंच वाटलं होतं.

कर्ज मंजूर झालं त्या दिवशी वकिलाच्या ऑफिसात फोन केला. वाढवलेली मुदत कधीपर्यंत आहे, विचारलं. तिथली मुलगी सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, ‘व्हॉट एक्स्टेन्शन? नोबडी आस्क. युअर फ्रेंड कॉल ऑलरेडी, से यू डोंट वॉन्ट, लाह.’

मुदत आदल्या दिवशीच संपली होती. दादांची सही वेळेत झाली होती. दोन दिवसांनी बिल्डरकडून कळलं, माझा फ्लॅट वहिनींच्या बहिणीने घेतला होता.

दादांना ऑफिसात गाठलं. स्क्रीनवरची नजर न काढता ते म्हणाले, ‘काहीतरी गैरसमज झाला असेल. जाऊ दे आता.’

तरी मी फराळाला गेले. मला खरं ऐकायचं होतं, आणि चारचौघांत ऐकायचं होतं.

वहिनींनी एचडीबीचं ते वाक्य टाकलं. मी माझी बशी खाली ठेवली. ‘मुदत वाढवून मागितलीच नव्हती ना? माझा फ्लॅट आता कोणाकडे आहे, ते सांगा सगळ्यांना.’

वहिनींचं हसू गेलं. ‘हे बघ, शेजार म्हटला की स्वयंपाक, देवघर, सगळंच बघावं लागतं. तू मनाला लावून घेऊ नकोस.’

दादा म्हणाले, ‘सणाच्या दिवशी कशाला हा विषय?’

‘विषय तुमच्या घरात निघालाय. आणि मी यापुढे तुम्हाला दादा म्हणणार नाही. ऑफिसात आडनावाने हाक मारीन.’

चपला घातल्या. मागून कुणी आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी बिल्डरच्या ऑफिसात गेले. त्याच इमारतीत, त्यांच्या वर दोन मजले, एक फ्लॅट उरला होता. घेतला. वकील बदलला. करार आला तसा स्वतः जाऊन सही केली.

आई म्हणाली, ‘त्याइच्याच बिल्डिंगीत कायले? दुसरीकडं घर पाय ना.’

‘तिथंच,’ मी म्हटलं.

लिफ्ट एकच आहे. ते दोघं रोज भेटतील. मी नजर खाली घालणार नाही. बाजूलाही सरकणार नाही.