मागच्या ॲक्सलचा कोन

सासरे सहा महिन्यांसाठी लंडनला, हॅरोच्या आमच्या घरी आले ते शर्टाच्या खिशात नाशिकच्या गॅरेजची किल्ली घेऊन. गॅरेज बंद होतं. बसडेपोतून फोरमन म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी ते काढलं होतं, आणि माझ्या धाकट्या दिराने "बाबा, आता तुमचे हात थरथरतात" म्हणून ते बंद करायला लावलं होतं. पहिले दोन आठवडे बाबा खिडकीत बसून मेट्रोपॉलिटन लाइनच्या लोकल गाड्या बघत होते. जेवायला बोलावलं की अर्धी पोळी, बस. मला ते बघवेना.

माझ्याकडे तेव्हा साठच्या दशकातली एक अमेरिकन मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी होती, लेफ्ट हँड ड्राइव्ह, घरामागच्या गॅरेजमध्ये ठोकळ्यांवर चढवलेली. आठवडाभर सॉफ्टवेअर आणि वीकेंडला ग्रीस, असा माझा संसार. इंजिन मी मोठं करून घ्यायला दिलं होतं आणि त्याचा जोर मागची चाकं फिरवणाऱ्या मूळच्या ॲक्सलला झेपणार नव्हता. पहिल्याच सिग्नलला आतले दाते उडाले असते. तर दुसरा ॲक्सल कुठला घ्यावा, असं मी बाबांना सहज विचारलं. सहज कसलं, मुद्दामच विचारलं.

ते खिडकीतून उठले.

अमेरिकेहून तयार मापाचा ॲक्सल मागवावा, असं माझ्या डोक्यात होतं. "मापाचं कापड आणतात. लोखंड आपण मापात आणायचं," म्हणत त्यांनी तो विषय मिटवला. नवऱ्याने कुठल्याशा फोरमवर वाचून मूळच्याच ॲक्सलमध्ये नवे दणकट शाफ्ट घालायचा सल्ला दिला. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला फार आवडतं. बाबा म्हणाले, "लुगडं फाटकं आणि काठ जरीचा." शेवटी लूटनजवळच्या एका भंगारवाल्याकडे जुन्या पिकअपचा ॲक्सल मिळाला. बाबांनी तो हाताने फिरवला, कान लावून ऐकलं, आतलं तेल बोटांत चोळून लोखंडाचा कीस लागतोय का ते बघितलं आणि मान डोलावली. ॲक्सल रुंद होता, चाकं मडगार्डच्या बाहेर आली असती. म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या कापून आखूड करायच्या, आतले शाफ्ट तेवढेच कापून त्यांना नव्याने दाते पाडून घ्यायचे आणि तो ज्यांच्यावर बसतो त्या कमानपाट्यांसाठी, म्हणजे लीफ स्प्रिंगसाठी, नव्या बैठका वेल्ड करायच्या.

त्या दिवशी बाबांनी दोन पोळ्या आणि वर भात खाल्ला. मी वरण वाढत होते, तेव्हा म्हणाले, "हे जमलं तर परत जाऊन गॅरेज उघडतो. नाही जमलं तर किल्ली धाकट्याला देऊन टाकतो आणि बसतो देवळात जाऊन." हे ते हसत म्हणाले नाहीत.

हात थरथरत होते हे खरं. पण डावा तळवा लोखंडावर टेकला की उजवा स्थिर व्हायचा. नळ्यांवरच्या त्यांच्या खुणा केसभरही चुकल्या नाहीत. नळ्या झाल्या, शाफ्ट झाले, राहिल्या बैठका. त्या कशा बसतात त्यावर ॲक्सलचं तोंड, जिथे गिअरबॉक्सकडून येणारा दांडा जोडतात ते, किती वर किंवा खाली राहतं ते ठरतं, आणि तो कोन चुकला की वेगात गाडी थरथरते. बाबांनी स्पिरिट लेव्हल लावून खडूने खुणा केल्या. गाडी ठोकळ्यांवर होती, मागचा भाग लोंबकळत होता, इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवर नव्हते. मला दिसत होतं की हे चुकतंय. गाडी चाकांवर सगळा भार घेऊन उभी असताना तो कोन बघायचा असतो, हे मी दहा ठिकाणी वाचलेलं. बाबांनी डेपोत शेकड्यांनी ॲक्सल बदलले होते, पण बसगाड्यांच्या बैठका कारखान्यातूनच जागेवर बसवून येतात. कोन ठरवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

मी गप्प बसले. ऑफिसात मॅनेजरची चूक मीटिंगमध्ये तोंडावर सांगणारी मी, पण सासऱ्यांपुढे तोंडाला कुलूप. त्यातून ते इतके खुशीत होते.

वेल्डर मूळचा कार्डिफचा, कमी बोलणारा माणूस. खुणा बघून त्याने मला विचारलं, हे माप गाडीवर भार असताना घेतलंय ना? त्याचं इंग्लिश बाबांना कळत नसे. मी हो म्हटलं.

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

"म्हणतोय, हा हात जाणकाराचा आहे."

बाबांची पाठ ताठ झाली. संध्याकाळी त्यांनी नाशिकला फोन लावून दिराला हे वाक्य दोनदा ऐकवलं. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते.

इंजिन आलं, गाडी जमिनीवर उतरली, एमओटीची सरकारी तपासणी झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत मी बाबांना शेजारी बसवून गाडी ए-फोर्टी हायवेवर काढली. पन्नासच्या पुढे काटा गेला आणि सीटखालून घरघर सुरू झाली. आरशातलं सगळं थरथरायला लागलं.

"चाकं बॅलन्स करायला हवीत," मी म्हटलं.

बाबांनी तळवा गिअरबॉक्सवरच्या पत्र्यावर टेकवला. "वेग वाढव. आता सोड. परत वाढव." मग हात उचलला. "चाकं नाहीत. कोन चुकलाय. भार नसताना घेतला मी." माझ्याकडे बघत म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"हो, बाबा."

"आणि तो वेल्डर खरं काय म्हणाला होता?"

तेही सांगितलं.

बाबांनी तळवा पँटला पुसला. मग म्हणाले, "नट ढिला दिसूनही गप्प बसलेल्या हेल्परला मी डेपोतून त्याच दिवशी घरी पाठवला होता. चूक माझी, ती निस्तरता येईल. पण तू मला मेकॅनिक समजलीच नाहीस, म्हातारा समजलीस. धाकट्याने निदान तोंडावर सांगितलं."

मला फार लाज वाटली. घरापर्यंत पन्नासच्या खाली गाडी चालवली आणि मागचे लोक दिवे मारत राहिले.

व्हिसाचे तीन आठवडे उरले होते. शनिवारी आम्ही बैठका ग्राइंडरने कापून काढल्या. या वेळी गाडी चाकांवर, इंजिन जागेवर, टाकी अर्धी भरलेली. बाबांनी नवऱ्याला हाक मारली. "तू पुढे बस. वजन म्हणून तरी उपयोगी पड." तो पेपर घेऊन बसला. कोन मोजायचं यंत्र बाबांनी माझ्या हातात दिलं. "वाच. मोठ्याने. मला आवडणार नाही असं आलं तरी वाच."

दोनदा त्यांना आवडणार नाही असंच आलं. मी वाचलं. तिसऱ्यांदा जमलं.

वेल्डर सेट घेऊन घरीच आला होता. त्याने स्वतः मोजून बघितलं, टाके मारले, आणि मला म्हणाला, हे अगदी बरोबर आहे, यांचा हात चांगला आहे. मी ते शब्दाला शब्द मराठीत सांगितलं.

"हं," बाबा म्हणाले. "मागच्या वेळीही तो हेच म्हणाला होता."

नवरा गाडीत बसल्या बसल्या हसला. मला हसू आलं नाही. बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले, मला ओलांडून वेल्डरसमोर जाऊन उभे राहिले आणि ॲक्सलकडे बोट दाखवत म्हणाले, "गुड? नो गुड?"

वेल्डरने तोंडावरची ढाल वर केली. "गुड."

बाबांनी खिशातली किल्ली वरूनच चाचपली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता चहा ठेव."