अस्लमच्या अपिलाला अम्मीची साक्ष

ईदचा तिसरा दिवस, मुरुडचा एसटी स्टँड. हजर : अम्मी, रजेवर आलेली मी आणि माझा धाकटा भाऊ अस्लम. सामान : एक बॅग, सुक्या बोंबलांचं पुडकं. "रत्नागिरीला बोटीवर चाललोय, आपा. आता तरी सूचना पुरे कर," म्हणत तो हसत गाडीत चढला.

रत्नागिरी ही थाप होती. आखातातून त्याला एकदा परत पाठवलेलं. पुन्हा जायला बंदी होती. तो लाँचमधून चोरून त्याच देशात शिरला, जिथं मी वीस वर्षं रीतसर परमिटवर नोकरी करते. पकडला गेला. तीन वर्षांची कैद झाली.

गुन्हा त्यानं कबूल केलाय. अपील फक्त मुदत कमी करण्यासाठी. वकील म्हणाले, आई आजारी आहे, एकटी आहे, हे कोर्टाला तिच्याच तोंडून ऐकू द्या, व्हिडिओ चालेल. अम्मीचा एक डोळा गेलाय, हे मलाही शेजारणीकडूनच कळलं होतं. पुन्हा रजा काढून मुरुडला आले.

तुमच्यापैकी जे बाहेर गेलात आणि जे मागे राहिलात, तुम्हाला हे सांगायला नको. अब्बा हयात होते, तिकडे नोकरीला होते, तेव्हा वादळात आमचं छप्पर उडालं, तेव्हाही अम्मी फोनवर म्हणाली होती, "सगळं खैरियत." मधे एकदा माझी नोकरी गेली तेव्हा मीही तिला तेच सांगितलं. दूरच्या माणसाला दुखणं सांगायचं नाही, ही आपली रीत.

खुर्ची उजेडात ठेवली. काय बोलायचं ते नीट समजावलं आणि फोनवर चित्रण सुरू केलं. अम्मी ताठ बसली.

"साहेब, मी अस्लमची आई. हिकडं सगळं खैरियत हाय. माझी काय काळजी करू नका. पोराला येळेवर जेवाया सांगा."

"अम्मी, अगं आजारपण सांग!"

"तो तिथं असल ना ऐकाया?"

"असेल. कोर्टात आणतील त्याला."

"मंग कसं सांगू? कैदेत बसून काय करील तो? तूच सांग. तुझं तोंड बरं चालतं."

मी फोन खाली ठेवला. वकिलांना हे कसं पाठवू?

पूर्वी तिकडे रजेची वाट बघताना घर म्हणजे मला नारळाची वाडी दिसायची, दारातून ऐकू येणारा समुद्र. आता घर म्हटलं की एवढंच आठवतं, की आम्ही एकमेकांपासून काय काय लपवलं. थकायला होतं.

परवा माझं विमान आहे. डॉक्टरांचे कागद घेतले, सोबत आणलेली निकालाची प्रत घेतली. अम्मीचं बोलणं राहिलंय.