मामाने पारखलेली घडीची सायकल

सायकलीतलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या गावात कोणालाच कळत नाही. पहिली सायकल मी रंग पाहून घेतली, आणि तिला ब्रेक नाहीत हे मला नाल्यात गेल्यावर कळलं.

ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. धुळ्याच्या बाहेर एक जिनिंग होती, कपाशीची. तिथल्या कॅन्टीनमध्ये मला चहा करायचं काम लागलं. शेठ पहिल्याच दिवशी म्हणाला, "सकाळचा भोंगा वाजायच्या आत चहा उकळला पाहिजे. महिनाभर बघतो. जमलं तर कायम, नाही तर दुसरा माणूस." बायको म्हणाली, "तुम्ही कायम व्हा, मग धुळ्याला खोली घेऊ. तोवर मी बकऱ्या सोडून येणार नाही." म्हणजे खोली, बायको आणि नोकरी, तिन्ही त्या चहावर.

आता आमचं गाव जळगाव-धुळे रस्त्यापासून आत. फाट्यापर्यंत दोन कोस कच्चा रस्ता, मग येष्टी, मग धुळ्याच्या स्टँडपासून जिनिंग पुन्हा तेवढीच लांब. पायी जायचं म्हटलं तर मी भोंग्याच्या मागोमाग पोचायचो. सायकल फाट्यावर लावून पाहिली. संध्याकाळी आलो तर सीट नाही. घरापर्यंत उभ्यानेच पायडल मारत आलो, आणि गावातले लोक म्हणाले, काय ऐट आहे पाहा, बसतसुद्धा नाही. सायकल टपावर टाकावी तर पहाटेच्या गाडीला रोज टपावर चढायला वेळ कोणाला? मी दोनदा उशिरा पोचलो. शेठने नुसतं घड्याळ बघितलं. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात कळलं, जळगावात जुन्या सायकलींचा एक दुकानदार आहे, त्याच्याकडे मुंबईहून घडीच्या सायकली आल्यात. मधून दुमडते, काखेत मारायची आणि गाडीत बसायचं. मी ठरवलं, पण या वेळी रंग पाहून घ्यायची नाही. जाणकार माणूस सोबत न्यायचा. आमच्यात जाणकार म्हणजे मामा. माझा सख्खा मामा बैलबाजारातला हेडी. बैल घ्यायचा असो की विकायचा, चार तालुक्यांतली माणसं त्याला विचारल्याशिवाय दावं सोडत नाहीत. सायकलीवर तो जन्मात बसला नव्हता, पण ते माझ्या लक्षात जळगाव आल्यावर आलं.

दुकानात तीन सायकली होत्या. एक लाल, बारीक चाकांची, चकचकीत, तिच्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. मला वाचता येत नाही, पण लिहिलेलं फार चांगलं वाटलं. मी म्हणालो, "मामा, हीच."

मामा म्हणाला, "तू गप बैस. मांगे सर."

मग तो तिच्याभोवती एक फेरी फिरला. मागून पाहिलं, पुढून पाहिलं, सीटवर थाप मारली. खाली वाकून साखळीच्या चक्राचे दात बोटाने चाचपले. "हिना दात घसाई जायेल शेत," तो म्हणाला. "म्हातारी शे. वरून रंग देयेल शे." दुकानदार काहीतरी बोलायला गेला, तर मामाने मला सीटवर बसवलं आणि स्वतः मागे कॅरियरवर बसला. मधला सांधा असा कण्हला की दुकानदारच म्हणाला, "उतरा, उतरा!"

दुसरी निळी. दात चांगले, सांधा मजबूत. मामा म्हणाला, "उचल." मी उचलली आणि परत ठेवली. म्हणजे ठेवली असं मी म्हणतो, ती माझ्या पायावर पडली. मामा म्हणाला, "येष्टीत हिले तू चढवशी, का तुले ही चढवई?"

तिसरी मळकट, राखाडी, घंटी नाही, एका बाजूचा रंग गेलेला. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मामाने तिचा सांधा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. खुंटी कशी बसते ते कान लावून ऐकलं. चाकं मधल्या आकाराची, खड्ड्यात अडकणार नाहीत अशी. मग ती दुमडून माझ्या काखेत दिली आणि म्हणाला, "पळ."

"कुठे?"

"त्या खांबापर्यंत. आणि मग या ओट्यावर चढ. येष्टीला पायऱ्या ऱ्हातस का नही?"

मी पळालो. आख्खा रस्ता बघत होता. आलो, ओट्यावर चढलो, धाप लागली. मामा सायकलीकडे बघून म्हणाला, "चांगली शे." माझ्याकडे बघून दुकानदाराला म्हणाला, "याले पानी पाजा."

भाव मात्र त्याने आपल्या पद्धतीने केला. खांद्यावरचं उपरणं दुकानदाराच्या हातावर टाकलं आणि खालून बोटं दाबायला लागला, बैलबाजारात करतात तसं. दुकानदार बिचारा शहरातला, घाबरून म्हणाला, "काका, हात कशाला धरता?" मामाला वाटलं, भाव पटला नाही. तो आणखी जोरात दाबायला लागला. शेवटी मी मध्ये पडून दोघांना तोंडाने बोलायला लावलं. त्या दिवशी मी केलेलं शहाणपणाचं काम हेच एक.

सौदा झाला आणि मामाने एक गोष्ट केली. घडी मिटून ठेवायला सायकलीला चामड्याचा एक पट्टा होता. मामाने तो सोडला आणि दुकानदाराच्या हातात दिला. आमच्याकडे बैल घेतला की जुनं दावं विकणाऱ्याचं, ते घरी न्यायचं नाही. दुकानदार म्हणाला, "अहो, हा पट्टा लागतो!" मामा म्हणाला, "तुमनं तुमले ऱ्हाऊ द्या," आणि पिशवीतून नवा रंगीत कासरा काढून घडीला बांधला. गाठ अशी सुंदर, की एका हिसक्यात सुटावी. बैलाची गाठ तशीच असते. मीसुद्धा मान डोलावली. जाणकार माणसाला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी पहाटे फाट्यावर येष्टी आली. कंडक्टरने विचारलं, "हे काय?"

"सामान."

"सामानाला चाकं?"

"घडी घातलेली आहेत, साहेब."

त्याने डोक्याला हात लावला आणि घंटी मारली. मी दाराजवळ उभा, सायकल पायाशी. गाडी भरलेली. पुढच्या गावाला एक अक्का मेथीची पाटी घेऊन चढली, तिचा पाय कासऱ्यात अडकला, एक हिसका बसला आणि गाठीने आपलं काम केलं. सायकल फटकन उघडली. पुढचं चाक एका सीटखाली, मागचं मेथीत.

अक्का ओरडली, "आठे गाडीत जनावर कोन्ही सोडं रे?"

कंडक्टरने गाडी थांबवली. "उतरव ते खाली!" माझ्या डोळ्यांपुढे शेठचं घड्याळ. आता मला पुन्हा गाठ मारायची होती, आणि ती मला येत नव्हती. मी घडी घालावी, ती उघडावी. लोक मला शिकवायला लागले, प्रत्येक जण वेगळं. शेवटी उभा असलेला एक आबा पुढे आला. त्याने सायकल सरळ उभी केली आणि चक्क तिच्या सीटवर बसला.

"हाकू दे गाडी," तो म्हणाला. "मी बसस हिच्यावर. कोठेच जावाव नही ती."

गाडी सुटली. कंडक्टर म्हणाला, "आबा, पायडल मारू नका, डायव्हरला राग येईल." आख्खी गाडी हसली, अक्कासुद्धा. धुळ्यापर्यंत आबा हँडल धरून बसला होता, आणि उतरताना मला म्हणाला, "गादी चांगली शे, भाऊ."

स्टँडवर मी सायकलीवर टांग मारली आणि सुटलो. थंडी होती, रस्ता रिकामा होता, आणि ती राखाडी सायकल अशी गुपचूप चालली की तिचं मला कौतुक वाटलं. जिनिंगच्या दारात पोचलो तेव्हा भोंगा वाजायला अजून वेळ होता. भट्टी पेटवली, आधण ठेवलं. मग हमाल लोक आले. त्यांना सायकल दाखवली, घडी घालून दाखवली, उघडून दाखवली, मामाने कशी पारखली ते सांगितलं, अर्थात पारखली मीच असं सांगितलं. भोंगा वाजला तेव्हा चहा उकळत होता. फार उकळत होता.

शेठ आला. मी सायकल पुढे केली. "शेठ, आता रोज वेळेवर. आता मला कायम करून टाका."

शेठने सायकल पाहिली, दाबून पाहिली, मान हलवली. मग त्याने एक घोट चहा घेतला, कप माझ्या हातात परत दिला आणि म्हणाला, "सायकल आजपासून कायम. तू आधी यात साखर टाक."