बिल्ला काढलेलं जाकीट

गेर्लिंडेचा डावा गुडघा अधू आहे, हे आमच्या एन्स नदीच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी स्की करताना पडली, तेव्हापासून डोंगरावर जात नाही, विषय संपला. आमच्याकडे पोर धड चालायला लागलं नाही तोच त्याच्या पायात स्की बांधतात. त्यामुळे एखाद्याने बर्फाकडे पाठ फिरवली, तर त्याला काहीतरी कारण द्यावं लागतं. गुडघा हे चांगलं कारण आहे. पुन्हा कोणी विचारत नाही.

ती आणि मी एकाच हॉटेलच्या धुलाईघरात. हिवाळ्यात शनिवारी पाहुणे बदलतात आणि त्यांच्या चादरींचा डोंगर आमच्या उरावर येतो. बाहेर लोक हसत-खिदळत घसरतात, आत आम्ही वाफेत उकडतो. ओल्या चादरींच्या टोपल्या मी उचलायच्या, तिच्या गुडघ्यामुळे, आणि घड्या तिने घालायच्या. तिचा नवरा घर सोडून गेलेला, पदरात उशिरा झालेली एकुलती एक पोरगी, वेरेना. घरी जाऊन पुन्हा चूल, भांडी, पोरीचा अभ्यास.

"हेर्मिने, मला ना, उभ्या उभ्या झोपता यायला हवं होतं," ती म्हणायची.

"घोड्यासारखं?"

"घोड्याला निदान कोणी खरारा तरी करतं गं."

त्या वर्षी वेरेना मोठ्या शाळेत दुसऱ्या वर्षाला गेली, आणि जानेवारीत वर्गाचा स्की-आठवडा ठरला. सगळा वर्ग डोंगरावर जातो. जो जात नाही तो खाली शाळेत भलत्याच वर्गात बसतो, आणि का बसलाय ते अख्ख्या गावाला कळतं. वेरेनाला स्की येत नव्हतं. येणार कुठून? आईचा एकही शनिवार-रविवार मोकळा नाही आणि तारेवरच्या खुर्च्यांतून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचं तिकीट म्हणजे खिशाला भोक. पण पोरीने शाळेत ठोकून दिलं होतं की आम्ही बाबांबरोबर खोऱ्याच्या पलीकडच्या बाजूला स्की करायला जातो.

"आई, मला येत नाही हे कुणाला कळता कामा नये," ती म्हणाली. "कळलं तर मी शाळेतच जाणार नाही."

मला वाटलं, गेर्लिंडे तिला चार गोष्टी सुनावेल. कसलं काय! तिने ते असं मनावर घेतलं, जणू कोणी तिच्याच जिवावर उठलंय.

नोव्हेंबरात आमच्याकडे स्कीच्या जुन्या सामानाचा बाजार भरतो, आगीच्या बंबवाल्यांच्या शेडमध्ये. बंब बाहेर उभे करतात आणि आत लांबच लांब टेबलं लावतात. एका कोपऱ्यात सॉसेज आणि मोहरीची चटणी, दुसऱ्या कोपऱ्यात बायकांनी घरून आणलेले केक. मुलांचे पाय वाढतात, म्हणून दरवर्षी अर्ध्या गावाचं सामान उरलेल्या अर्ध्या गावाकडे जातं. आदल्या संध्याकाळी जे मांडामांडीला येतात, त्यांना पहिली निवड करता येते. गेर्लिंडे आणि मी म्हणूनच जातो. दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी पुन्हा राबायचं, तेही फुकट, आणि वर खूश व्हायचं. असो.

"नवं काही नको," आत शिरतानाच ती म्हणाली. "मोठ्या दुकानातलं नवं कोरं स्वस्त जाकीट घातलं की लांबून ओळखू येतं, ही पहिल्यांदाच आलीय. वापरलेलं पाहिजे. चांगलं, पण झिजलेलं."

हे मात्र तिने बरोबर हेरलं होतं. विजार मिळाली, खालच्या काठाला स्कीच्या धारेने फाटून पुन्हा शिवलेली. गॉगलवर दोन ओरखडे, पण काच घट्ट. हेल्मेट जुनं घ्यायचं नाही, ते आधी कुठे आपटलंय कोण सांगणार. ते आणि स्की शाळा देणार होती. बुटांवरून आमचं जुंपलं.

"एक माप मोठे घेते. पुढच्या वर्षीही होतील."

"पुढच्या वर्षीच्या पायासाठी या वर्षी पोरीला पाडतेस का? बुटात टाच हलली की संपलं. बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत."

"तुला सगळं माहीत असतं बाई."

"मग? मी स्की करते. तुझा गुडघा ना."

तिने मुकाट्याने मापाचे बूट घेतले.

मग तिला ते जाकीट दिसलं. गडद निळं, खांद्यावर पिवळा पट्टा, आत जाड अस्तर, पाण्याचा टिपूस आत येणार नाही असं. आणि किंमत म्हणाल तर चहा-केकच्या पैशांएवढी. मी लगेच म्हटलं, "ठेव ते. क्लबचं आहे."

आमच्या स्की-क्लबचं जाकीट शर्यतीत उतरणाऱ्या पोरांनाच मिळतं. ती मोठी झाली की आया छातीवरचा बिल्ला उसवून जाकीट बाजारात आणतात, पण न कमावता ते अंगात घालायला कोणी धजत नाही. म्हणून तर ते मातीमोल जातं.

"बिल्ला कुठाय? काढलाय ना?" गेर्लिंडे म्हणाली. "मग नुसतं जाकीट झालं. गरम आहे, मापाचं आहे, आणि हिला येत नाही असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही."

"अगं, पण..."

"हेर्मिने, माझे पाय दुखतायत. मला घरी जाऊ दे."

मीही दमले होते. फार तर पोरं चिडवतील, असं वाटून मी सोडून दिलं.

जानेवारीतला तो सोमवार. आम्ही दोघी इस्त्रीच्या यंत्राशी होतो, तेवढ्यात गेर्लिंडेचा फोन वाजला. डोंगरावर लिफ्ट चालवणारा लोइस होता. तो आणि मी शाळेत एकाच वर्गात होतो, आडून आडून बोलणं त्याला जमतच नाही.

"गेर्लिंडे, तुझी पोरगी इथे माझ्या खोपटामागे बसलीय. लागलंबिगलं काही नाही. पण हलत नाही. खुर्चीतून खाली सोडतो म्हटलं तर खांबाला मिठी मारते. तूच ये."

झालं होतं असं. सकाळी शिकवणारे पोरांचे गट पाडत होते. नवशिके खालच्या उतारावर, बाकीच्यांना एकेक वळण घेऊन दाखवायला सांगत होते. हेल्मेट-गॉगलात चेहरा कुठला दिसायला! शिकवणाऱ्यांतल्या क्लबच्या एग्बर्टने पिवळा पट्टा पाहिला आणि म्हणाला, "क्लबवाल्यांची परीक्षा कसली घ्यायची? चला माझ्याबरोबर, थेट वर." आता बोलायचं होतं पोरीने! पण ती बोलली नाही. जाकीट खोटं ठरलं असतं, बाबा खोटे ठरले असते. ती गेली वर. वर पोचल्यावर म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी बूट आवळून येते. एग्बर्ट बाकीची पोरं घेऊन निघाला. क्लबचं पोर काय, दोन मिनिटांत गाठेल, असं त्याला वाटलं. आणि ही खोपटामागे जाऊन बसली.

गेर्लिंडेने एप्रनही सोडला नाही. वर कोट चढवला आणि निघाली. मी पण निघाले. मुकादमबाई ओरडत राहिल्या. ओरडू देत!

लिफ्टच्या खुर्चीत गेर्लिंडेने दांडी अशी धरली होती की बोटं पांढरी पडली. मी म्हटलं, "किती वर्षांनी येतेयस?"

वर वेरेना गुडघ्यात डोकं घालून बसली होती. नाक लाल, पापण्यांवर बर्फ.

"खुर्चीतून नाही जाणार," ती म्हणाली. "सगळे बघतील."

खरंच होतं ते. खुर्चीतून वर जाण्यात काही नाही, सगळेच जातात. पण खाली येताना तोंड वर येणाऱ्यांकडे असतं. वर येणारा प्रत्येक जण तुमच्याकडे बघतो आणि ओळखतो की हिला जमलं नाही. आमच्याकडची दणकट माणसं मोडक्या हाताने स्की करत उतरतील, पण खुर्चीत बसणार नाहीत.

गेर्लिंडे तिच्याशेजारी बर्फात बसली. ओरडली नाही, समजूतही काढली नाही. मग म्हणाली, "मी बसते ना तुझ्याबरोबर. चल. मला थंडी वाजतेय."

लोइसने लिफ्ट हळू केली. आम्ही तिघी एका खुर्चीत, पोर मधे, स्की माझ्या मांडीवर. खालून खुर्च्या येऊ लागल्या. कोणी हात केला, कोणी कुजबुजलं. वेरेनाने गॉगल खाली ओढला. मग समोरून एग्बर्टची खुर्ची आली. मागे दुसऱ्या फेरीला निघालेली त्याची पोरं, सगळी वेरेनाच्याच वर्गातली.

"काय झालं?" तो ओरडला. "गुडघा का?"

किती सोपं होतं! नुसती मान हलवायची होती. मी तर तोंड उघडलंही होतं, हो म्हणायला.

"नाही," गेर्लिंडे ओरडली, एवढ्या मोठ्याने की मागच्या खुर्चीतल्यांनीही माना वळवल्या. "गुडघा नाही! तिला येत नाही! आणि मलाही येत नाही! मी आयुष्यात कधी स्कीवर उभी राहिले नाही!"

खुर्च्या एकमेकींना ओलांडून गेल्या. कोणीतरी पोर हसलं. वेरेनाने गॉगल वर केला आणि आईकडे पाहिलं. माझ्या मनात काय आलं ते सांगते: गेर्लिंडेचा राग आला मला, आणि रडूही आलं.

"म्हणजे तू पडली नव्हतीस?" मी विचारलं.

"कशी पडणार? आमच्याकडे स्कीच नव्हते. शाळेच्या स्की-आठवड्यात वडील सांगायचे, गुडघा दुखतो म्हणून सांग." ती थकून मागे टेकली. "मग मीही तेच सांगत राहिले."

खाली उतरल्यावर वेरेनाने जाकीट काढलं, उलटं केलं आणि अस्तर बाहेर ठेवून पुन्हा घातलं. मळकं करडं अस्तर, बाह्यांवर शिवण दिसणारं. मग नवशिक्यांच्या उताराकडे गेली. तिथे तिच्या वर्गातली आणखी दोन पोरं होती. ती तिथे आहेत हे तिला सकाळी दिसलंही नव्हतं. पहिल्याच वळणावर ती बदकन आपटली. उठली. पुन्हा आपटली.

गेर्लिंडे कुंपणापाशी थोडा वेळ उभी राहिली.

"चल," मग म्हणाली, "चादरी राहिल्यात."

धुलाईघरात यंत्र थांबलं होतं आणि ओल्या चादरींची टोपली काठोकाठ भरून दारात पडली होती. मी सवयीने वाकले. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"गेर्लिंडे! मेले! इतकी वर्षं या टोपल्या मी..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "बाजूला हो."

तिने टोपली उचलली. जड होती, तिला सवय नव्हती, चेहरा लालबुंद झाला. दोन पावलांवर टोपली खाली ठेवावी लागली. मग पुन्हा उचलली.