रिकाम्या मास्कची चूक

माझी पुतणी इरावती देवासला घरी बसून लोकांच्या मेंदूत रंग भरते. म्हणजे एमआरआयच्या चित्रात आजाराचा डाग दिसला की तेवढाच भाग कॉम्प्युटरवर रंगवून वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. त्या फाइलला मास्क म्हणतात. डाग असेल तिथे एक, बाकी सगळीकडे शून्य. मी कारखान्यातून रिटायर झालेला माणूस, मला एवढं समजायला बराच चहा खर्ची पडला.

तिचे मास्क धारला विपुलकडे जातात. तो त्यांतले १.० असे दशांशात साठवलेले आकडे पूर्णांकात बदलून इंदूरच्या ऋतिका मॅडमना पाठवतो. परवा मॅडमनी कळवलं, बारीक डागांचे मास्क कोरे निघालेत, विपुलनेच बिघडवले असणार, उद्यापासून त्याचं काम बंद. पोराचं लग्न ठरलेलं, आणि हेच त्याचं पहिलं पक्कं काम.

त्याने रडवेल्या आवाजात इरावतीला फोन केला. "ताई, सच्ची बोलतोय, मी फक्त कन्वर्ट केलं. तुम्हीच देखो ना!"

"माझ्या फाइलमध्ये तर डागावर एक हाच आकडा दिसतोय, भिया!" ती फणकारली (आमच्याकडे भैयाचं भिया होतं) आणि लॅपटॉप उघडून बसली. मी म्हटलं, आधी जेव. ऐकेल तर शपथ!

मग तिने आकड्यांची दशांशाची घरं वाढवून पाहिली आणि खुर्चीतून उडालीच.

"काका, इकडे या! हा एक नाहीच!"

खरा आकडा होता ०.९९. पडदा तो एक म्हणून दाखवत होता, पण पूर्णांक करताना कॉम्प्युटर दशांश सरळ छाटून टाकत होता. उरलं शून्य!

"पण तू एक भरला होतास ना? मग दशांश आला कुठून?" मी विचारलं.

तिने आपलं सेटिंग उघडून पाहिलं आणि उलगडा झाला. सगळी डोकी एका मापाची व्हावीत म्हणून विपुलला पाठवण्याआधी ती चित्रं आणि मास्क दोन्ही ताणून घेते. चित्र ताणताना शेजारच्या ठिपक्यांची सरासरी चालते, मास्कला चालत नाही, कारण एक आणि शून्याची सरासरी दशांशात येते. तिने दोन्हींना एकच सेटिंग लावलं होतं. मोठ्या डागांची नुसती कड झिजली, बारीक डाग साफ बुडाले.

आता हिचं तोंड उतरणार, असं मला वाटलं. ही तर टाळ्या पिटत होती! मूळ मास्क शाबूत होते. सेटिंग बदलून तिने ते पुन्हा ताणले, पूर्णांक केले.

"आला! काका, हा बघा डाग आला!"



तिने मॅडमना फोन लावला तेव्हा मी हळूच म्हटलं, "कॉम्प्युटरची गडबड होती म्हण. तुझं नाव कशाला मध्ये?" आपल्या पोरीचं कोण बघणार?

तिने असं काही पाहिलं माझ्याकडे, की मी खाली बसलो.

"मॅडम, सापडली! चूक माझी आहे, विपुलची नाही!"

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. ही आपली "हो मॅडम, हो मॅडम" करत होती. फोन ठेवून म्हणाली, "विपुलचं काम चालू राहणार. आणि यापुढे माझा प्रत्येक मास्क आधी तो तपासणार."

मी काही बोलायच्या आत तिने धारला फोन लावलाही होता. "भिया, तू सुटलास!" ती ओरडली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.