सातपर्यंत मोजायचं

गणिताच्या सरांना रिकामी जागा खपत नसे. फळ्याचा एक कोपरा कोरा राहिला तर त्यात ते एखादं उदाहरण कोंबत, आणि घरी बायको बोलता बोलता श्वास घ्यायला थांबली की तिचं वाक्य स्वतःच पूर्ण करून मोकळे होत. "माझ्या बोलण्यालाही लावा आता कात्री," ती वैतागून म्हणायची. तिला काय माहीत, पुढे सगळे शिक्षक त्यांना कात्रीसर म्हणणार होते!

झालं असं, की शाळेत भिंतीएवढा पडदा आला आणि त्याचं करायचं काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा निरनिराळ्या गावांतले नऊ शिक्षक दर शनिवारी चार वाजता ऑनलाइन भेटू लागले. प्रत्येकानं आपल्या विषयाचा एक छोटा धडा रेकॉर्ड करायचा, आणि तो सगळ्यांनी आपापल्या वर्गात दाखवायचा. मुख्याध्यापकांनी सरांना त्यात ढकललं. पहिल्या शनिवारी सर वीस मिनिटं तावातावानं बोलले, आणि त्यांचा माईक बंद होता. बाकीचे गालातल्या गालात हसत बसले. एकट्या विज्ञानाच्या बाईंनी त्यांना फोन लावला.

"सर, खाली डावीकडे माईकचं चित्र आहे बघा. सावकाश शोधा, घाई नाही. मी थांबते."

आणि खरंच थांबल्या हो! त्या दिवशीच नाही, पुढे कितीतरी दिवस. फाईल कशी पाठवायची, चित्रावर आवाज कसा चढवायचा, एकच गोष्ट चार चार वेळा विचारली तरी बाईंच्या कपाळावर आठी नाही. सर नाकावर राग घेऊन जन्माला आलेले, पण बाईंपुढे मऊ व्हायचे. दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. बाईंची शाळा दीड दिवसाच्या प्रवासावर होती.

वर्षभरात सर असे तयार झाले की सगळ्यांचे धडे साफसूफ करायचं काम त्यांच्याकडेच आलं. संगणकावर आवाजाची एक रेघ दिसते. माणूस बोलतो तिथे ती उंच उठते, गप्प राहतो तिथे सपाट होते. सर काही प्रत्येक धडा ऐकत बसत नसत, एवढा वेळ कुणाला आहे? सपाट दिसलं की काप. शेवटाकडे रेघ सपाट झाली की तिथून पुढचं सगळं न ऐकताच काप. मग मूळ फाईल पुसून टाकायची. तास संपला की फळा पुसायचा, ही तीस वर्षांची सवय.

गुरूची विद्या गुरूला म्हणतात तसं झालं. सगळ्यात जास्त कात्री चालली ती बाईंच्या धड्यांवर, कारण प्रश्न विचारला की बाई गप्प राहायच्या.

"मी मनात सातपर्यंत मोजते, सर," एका शनिवारी त्या म्हणाल्या. "शेवटच्या बाकावरच्या पोरीला हात वर करायला तेवढा वेळ लागतोच. तेवढं नका कापू."

"अहो बाई, रेकॉर्डिंगमध्ये कुठून आलं शेवटचं बाक?"

"माझी मुलं असतात तिथं."

सगळे हसले. सरही हसले आणि त्यांनी कापायचं ते कापलंच.

पुढे बाईंचे धडे बिघडत गेले. कॅमेरा बंद ठेवून त्या बैठकीला यायला लागल्या. आवाजाची रेघ तर वाक्याच्या मध्येच सपाट होई, ती उठायलाच तयार नसे. एका शनिवारी सरांचा तोल सुटला.

"बाई, पाच मिनिटांच्या धड्यात दोन मिनिटं नुसती सपाट! आम्ही काय रिकामटेकडे बसलोय? तयारी करून बोलत जा, नाहीतर पाठवू नका!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्यांच्या देखत. बाईंच्या काळ्या चौकोनातून आवाज आला, "चुकलं सर. बघते."

दुसऱ्या दिवशी त्यांचा धडा आलासुद्धा, बाष्पीभवनावरचा. सर फुरंगटलेले. पडू दे, म्हणाले आणि त्यांनी तो उघडला नाही. पुढचे दोन शनिवार बाई आल्या नाहीत. "लागलेलं दिसतंय बाईंना," सर बायकोजवळ म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्यांना आतून थोडं बरंही वाटलं.

तिसऱ्या शनिवारी भाषेच्या सरांनी बैठक सुरू होतानाच सांगितलं, विज्ञानाच्या बाई गेल्या. फुप्फुसांचं दुखणं होतं, वर्ष झालं. कुणाला कळू दिलं नव्हतं. उशांना टेकून, श्वास गोळा करून करून त्या धडे रेकॉर्ड करायच्या.

गणिताच्या सरांच्या कुणी थोबाडीत मारावी तसं झालं.

आठवड्यानं बाईंच्या मिस्टरांचा फोन आला. गृहस्थ अगदी हळू बोलत होते.

"सर, वर्गात तिचे धडे लावले हो. पण पोरं म्हणतात, या आमच्या बाई नाहीत, आमच्या बाई थांबतात. तिच्या फोनमध्ये जागा नसायची, पाठवलं की पुसून टाकायची. तुमच्याकडे मूळचं काही राहिलंय का? एखादं तरी?"

"बघतो," सर म्हणाले. काय बघणार कपाळ! एक्केचाळीस धडे, आणि एक्केचाळीसही त्यांनी स्वतःच्या हातानं पुसलेले. अख्खी दुपार ते संगणकातला एकेक कप्पा धुंडाळत राहिले, बायको शेजारी खुर्ची ओढून बसली. शेवटी सापडला तो बाष्पीभवनाचा, न उघडलेला. रुसले होते म्हणून वाचला.

त्या दिवशी पहिल्यांदा सरांनी रेघेकडे बघितलं नाही. डोळे मिटून ऐकलं.

"ओला कपडा वाळतो. मग त्यातलं पाणी जातं कुठं?" बाईंनी विचारलं आणि त्या थांबल्या. सपाट रेघेत धाप होती. पलंग करकरला. आणि अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, त्या मोजत होत्या, एक, दोन, तीन. सातपर्यंत. मग म्हणाल्या, "शाब्बास!"

शेवटी एक प्रश्न विचारून बाई पुन्हा थांबल्या. सात आकडे झाले, तरी शाब्बास आलं नाही. आला तो खोल गेलेला आवाज.

"सर, आता खोकला येईल, तेवढा कापा. मधलं राहू द्या, जमलं तर. दर वेळी शेवटी सांगते तुम्हाला, तुम्ही ऐकत नाही. रागावू नका."

मग खोकला. खूप वेळ.

"दर वेळी," सर म्हणाले. "एक्केचाळीस वेळा सांगितलं असेल गं बाईंनी. मी एकदाही..." त्यांना वाक्य पुरं करता येईना. बायकोनंही ते पुरं केलं नाही, नुसती त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली.

सरांनी खोकला कापला. त्यांच्यासाठी बोललेलं तेवढं स्वतःपाशी ठेवलं, आणि बाकीचा धडा आहे तसा पाठवला.

सोमवारी बाईंच्या वर्गात तो लावला तेव्हा नव्या शिक्षिकेनं सरांनाही ऑनलाइन घेतलं. तीसेक मुलं दिसत होती. बाईंनी विचारलं, पाणी जातं कुठं? सर मोजू लागले. पाचपर्यंत चिडीचूप. सहाला शेवटच्या बाकावरून एक हात वर गेला. "हवेत!" आणि बाई म्हणाल्या, "शाब्बास!" मुलं एकमेकांकडे बघून हसली. त्यांच्या बाई होत्या.

मग शेवटचा प्रश्न आला. "ढगाळ दिवशी कपडा लवकर का वाळत नाही?" मुलांनी या वेळी सातच्या आत उत्तर दिलं, सगळ्यांनी एका सुरात. आणि शाब्बासची वाट बघत बसली. पडदा काळा झाला तरी कुणी हललं नाही. बाई थांबल्यात, असंच त्यांना वाटत होतं.

सरांना राहवेना. "शाब्बास!" ते म्हणाले. मुलं तशीच. "शाब्बास रे पोरांनो, बरोबर आहे, बरोबर!" ते ओरडले. एकानंही मान वर केली नाही.

माईक बंद होता. भरल्या डोळ्यांनी त्यांना काही दिसेना, आणि आता फोन करून सांगायला कुणी नव्हतं. खाली डावीकडचं चित्र त्यांना सापडलं तोवर नव्या शिक्षिकेनं वही उघडायला सांगितली होती आणि बैठक बंद केली होती.